ग्रो टेंटचं सामान घेताना आधी खोलीची हवा बघा, दिवा नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबईतल्या ऐरोलीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे, बाल्कनीसमोर दुसरी इमारत उभी असल्यामुळे ऊन पोचत नाही. म्हणून बेडरूमच्या कोपऱ्यात दोन बाय दोन फुटांचा ग्रो टेंट, म्हणजे दिव्याखाली झाडं वाढवायची बंद कापडी पेटी, लावून लेट्यूस, बेसिल, कोथिंबीर आणि जमल्यास मिरची घ्यायची आहे. परदेशी व्हिडिओ बघून तुम्ही यादी काढलीत: टेंट, ‘हजार वॉट’चा एलईडी, चार इंची इनलाइन पंखा (नळीला जोडून हवा बाहेर ओढणारा), कार्बन फिल्टर, डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र), टायमर, पीएच मीटर. यातलं काय घ्यावं आणि कुठल्या क्रमाने, हे तुम्हाला हवं आहे.

ही यादी मुळात तुमच्या झाडांसाठी केलेलीच नाही. तिकडचे बहुतेक टेंटवाले व्हिडिओ गांज्याच्या लागवडीचे असतात, मग तोंडाने ते टोमॅटो म्हणोत की आणखी काही. कार्बन फिल्टर हवा तो त्या झाडाच्या उग्र वासासाठी. बारा तास उजेड, बारा तास ठार काळोख आणि शिवणीतूनसुद्धा उजेड झिरपता कामा नये ही काळजी हवी ती त्याला फुलावर आणण्यासाठी. दिव्याचे वॉट इतके मोठे तेही त्याच झाडामुळे. आपल्याकडे विनापरवाना गांज्याचं एक रोप लावणंही 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली गुन्हा आहे. कलम 20 मध्ये लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि ‘घरच्यापुरतं’ म्हणून त्यातून सूट मिळत नाही. तुम्ही भाजीचंच विचारलंय, तरी हे सांगतो, कारण उद्या हाच टेंट बघून कुणी वेगळा सल्ला दिला तर तुम्हाला उत्तर माहीत असावं. लेट्यूस-मेथीला यातलं निम्मं सामान लागत नाही.

दुसरा फरक हवामानाचा. ते लोक थंड देशात बसून टेंट गरम कसा ठेवायचा ते शिकवतात. आपल्याला ठाणे-नवी मुंबईत नेमकं उलटं करायचं आहे. एप्रिल-मेमध्ये बंद खोली दुपारी 33-34 अंशांवर जाते, पावसाळ्यात आर्द्रता आठवडेच्या आठवडे 85 टक्क्यांच्या आसपास असते. अशा खोलीत कापडी पेटी उभी करून आत दिवा लावायचा म्हणजे काय होणार, याचा हिशेब पैसे खर्च करण्याआधी मांडायला हवा.

हिशेब अवघड नाही. दिवा जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते, झाड त्यातला अगदी किरकोळ भाग साठवतं. 65 वॉटचा दिवा टेंटमध्ये आहे आणि पंखा तासाला 100 घनमीटर हवा बाहेर खेचतोय असं धरा. मग आतली हवा खोलीपेक्षा साधारण 2 अंशांनी गरम राहील. तोच पंखा 30 घनमीटरच खेचत असेल तर फरक साडेसहा अंशांच्या आसपास जाईल. थोडी उष्णता कापडातून निसटते, थोडी पानांच्या बाष्पीभवनात जाते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा जरा कमी येतो. तुमच्या मापाच्या 140 सेंटिमीटर उंच टेंटमध्ये जेमतेम अर्धा घनमीटर हवा मावते, म्हणून दुकानदार ‘मिनिटाला एकदा हवा बदलली की पुरे’ म्हणतो. त्या सूत्राने उत्तर येतं तासाला 30 घनमीटर. युरोपातल्या 18 अंशांच्या तळघरात ते चालतं. ऐरोलीच्या 32 अंशांच्या बेडरूममध्ये त्यात साडेसहा मिळवा आणि लेट्यूसचं काय होईल ते बघा: पानं कडू पडतात, मधला दांडा सरसर वर जातो, फुलावर येऊन पीक संपतं.

म्हणून पंख्यावर पैसे टाका. चार इंची इनलाइन पंखा घ्या, वेग कमी-जास्त करता येणारा, आणि डब्यावरचा सर्वांत मोठा आकडा जसाच्या तसा धरू नका. डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारी नळी, वळला, लांबला की ओढ कमी होते. कार्बन फिल्टर लावलात तर आणखी कमी होते, तो नकोच. डक्ट सरळ आणि आखूड ठेवा आणि दुसरं टोक खिडकीबाहेर काढा. अनेकजण पंखा लावतात पण गरम हवा त्याच खोलीत सोडतात. मग खोली तापते, तापलेली हवा खालच्या जाळीतून परत आत येते आणि पंखा नुसता फिरत राहतो. सरकत्या खिडकीत एका फटीएवढी ॲक्रिलिकची किंवा प्लायची पट्टी बसवून तिला चार इंची भोक पाडलं की काम होतं, सोसायटीने हरकत घ्यावी असं बाहेर काही दिसत नाही. भोकाला बारीक जाळी लावा. कबुतरं इथे कुठलीही फट सोडत नाहीत, आणि आमच्यासारखे ठाण्यात येऊरच्या जंगलाच्या पायथ्याला राहणारे तर माकडांचाही विचार करतात.

याशिवाय आत क्लिपने अडकवायचा एक छोटा पंखा हवाच. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी, करपल्यासारख्या होतात तेव्हा लोक खत वाढवतात. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, पण हवा साचलेली आणि दमट असल्यामुळे पानातून पाणी उडत नाही, आणि पाण्याबरोबरच वर चढणारं कॅल्शियम त्या पानापर्यंत पोचत नाही. पंख्याचा झोत थेट झाडावर नको, पानं नुसती हलती राहिली पाहिजेत. पावसाळ्यात दोन्ही पंखे दिवा बंद असतानाही चालू ठेवा. दिवा विझला की आतलं तापमान उतरतं, आर्द्रता चढते, आणि भुरी नि करडी बुरशी नेमकी त्याच वेळात हातपाय पसरते.

डिह्युमिडिफायर मात्र घेऊ नका. डब्यासारखे छोटे, कॉम्प्रेसर नसलेले पेल्टियर जातीचे येतात ते दिवसभरात वाटीभर पाणी काढतात, तुमच्या खोलीत त्याने काही होत नाही. कॉम्प्रेसरवाला खरंच काम करतो, पण तो दीड-दोनशे वॉट आणि त्याहून जास्तही खातो, आणि ती उष्णता त्याच बेडरूममध्ये सोडतो. जुलै-ऑगस्टमध्ये टेंटची चेन अर्धी उघडी ठेवणं, कुंड्या कमी करणं आणि पाणी सकाळी देणं एवढ्यावर भागतं.

आता दिवा. ‘हजार वॉट’ हे नाव आहे, माप नाही. असे दिवे प्रत्यक्षात 100 वॉटच्या आसपास वीज घेतात. ड्रायव्हरवरचं (दिव्याला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं) लेबल वाचा, किंवा प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणून मोजा. जांभळा उजेड देणारा दिवा तर अजिबात नको. त्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे हेच दिसत नाही, मावा-कोळी ही कीड दिसायला लागेपर्यंत उशीर होतो. पांढऱ्या एलईडीत थोडे 660 नॅनोमीटरचे लाल असले की बस.

पानभाजीला किती उजेड लागतो? लेट्यूसला चौरस मीटरमागे दिवसाला 12 ते 17 मोल (झाडाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) प्रकाश भरपूर होतो. तो 16 तासांत द्यायचा तर पानांच्या उंचीवर सेकंदाला साधारण 200 ते 300 मायक्रोमोल पडायला हवा. हे मोजायचं खरं यंत्र महाग आहे, पण पांढऱ्या एलईडीखाली लक्सच्या (डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाच्या मापाच्या) आकड्याला 70 ने भागलं की जवळपासचं उत्तर मिळतं. म्हणजे 14-15 हजार लक्स आले की तुम्ही 200 च्या वर आहात. फोनवरचं लक्स ॲप थोडं मागेपुढे दाखवतं, तरी कोपऱ्यात आणि मध्यभागी केवढा फरक आहे ते नीट कळतं. त्याच ॲपने एकदा बाल्कनीतही दुपारी बारा वाजता मोजा. तिथे सात-आठ हजार लक्स मिळत असतील तर पुदिना, ओवा, मायक्रोग्रीन्स बाहेरच ठेवा, टेंटमधली जागा त्यांच्यावर घालवू नका.

दोन बाय दोनला खरे 60-65 वॉट असलेला, उजेड कमी-जास्त करता येणारा एलईडी बोर्ड पानभाजीला पुरून उरतो. ड्रायव्हर वेगळा निघत असेल तर तो टेंटबाहेर टांगा, आतली थोडी उष्णता तेवढीच कमी. हात राखून खर्च करायचा असेल तर घरात लावतो त्या दोन फुटी, 10 वॉटच्या एलईडी बॅटन सहा घ्या आणि एका प्लायच्या पट्टीवर ओळीने बसवा. प्रत्येकी हजार ल्युमेन धरले तर वाया जाणारा उजेड वजा जाता 12-13 हजार लक्स मिळतात, मेथी, कोथिंबीर, लेट्यूस त्यावर छान येतात. पानांपासून फूटभर वर ठेवा. मिरचीला मात्र हे पुरत नाही, तिला जवळजवळ दुप्पट प्रकाश लागतो. तिच्यासाठी खरे 100 वॉट, मग उष्णताही तेवढी, मग टेंटही 80 बाय 80 सेंटिमीटरचा. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी मिरची नको. एकाच दिव्याखाली मिरची आणि लेट्यूस दोघांनाही सुख मिळत नाही.

दिवा कधी लावायचा यावर इथे फार काही अवलंबून आहे. संध्याकाळी सहाला सुरू करून सकाळी दहाला बंद करा. झाडाला बाहेर दिवस आहे की रात्र याच्याशी देणंघेणं नाही, त्याला 16 तास मिळाले की झालं. दुपारच्या सर्वांत गरम वेळी दिवा बंद असतो, आणि त्या खोलीत रात्री एसी लागत असेल तर त्याचा फायदा आयता मिळतो. टेंट त्याच खोलीत असेल तर उजेडाचा त्रास कापड अडवतं. खरं तर पानभाजीला टेंट घेण्याचं हेच मोठं कारण आहे. टायमर बॅटरी बॅकअपवाला डिजिटल घ्या. खुंट्यांचा फिरता टायमर वीज गेली की थांबतो आणि मग रोज तेवढाच मागे पडत जातो.

विजेचा खर्च: 65 वॉट, 16 तास म्हणजे दिवसाला 1 युनिटच्या किंचित वर. पंखे मिळून 20 वॉट धरले तर 24 तासांचे आणखी अर्धा युनिट. महिन्याला 45-46 युनिट. सध्याच्या बिलात तुम्ही कुठल्या टप्प्यात आहात ते बघून गुणा, कारण हे युनिट शेवटच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यात जाऊन बसतात. आणि सुरक्षेबाबत हयगय नको. पाणी आणि वीज एकाच पेटीत आहेत, तेव्हा तीन पिनांचं अर्थिंग असलेलंच बोर्ड, घराला 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री, एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर न ठेवता भिंतीवर. वायर प्लगच्या खाली एक झोका घेऊन वर चढू द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली गळतं.

पाण्याचं बघा. तुमच्याकडे महापालिकेचं मोरबे धरणाचं पाणी येतं, ते हलकं असतं. आरओ लावून ते आणखी रिकामं करू नका. कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावणार असाल तर हलक्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी पडतं. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीन वेळा चांगली धुवा, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवा. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट घट्ट द्रावणात एकत्र करू नका, पांढरा साका तळाला बसतो आणि त्यातलं कॅल्शियम वाया जातं. ठाण्यात जे घोडबंदर रोडला टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर आहेत त्यांनी हा सल्ला तसाच उचलू नये, त्यांनी आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजावा. पीएच मीटर तुम्हाला लगेच नको. खत घातलेल्या पाण्याला थेंब टाकून रंग बघायचा संच पुरतो, 5.5 ते 6.5 च्या मध्ये असलं की झालं.

टेंट सर्वांत शेवटी घ्या. दांडे लोखंडी, कोपऱ्याचे सांधेही शक्यतो लोखंडी, खाली काढता येणारा ट्रे, हवेसाठी खाली जाळीच्या खिडक्या आणि सहज सरकणारी चेन, एवढं बघा. शिवणीतून उजेडाचे चार ठिपके दिसले तर भाजीला काही फरक पडत नाही. नवा टेंट चार-पाच दिवस उघडा ठेवून प्लास्टिकचा वास जाऊ द्या, नंतर झाडं ठेवा. बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, अर्धा फूट सोडा, पावसाळ्यात तिथे ओल येते आणि मागच्या बाजूला बुरशी वाढते ती महिनाभर दिसत नाही. झोपायच्या खोलीऐवजी हॉलचा कोपरा किंवा पॅसेज मिळत असेल तर टेंट रद्द करा आणि उघडी लोखंडी मांडणी घ्या. दोन खणांत दुप्पट भाजी होते, हवा आपोआप खेळते, इनलाइन पंखाही वाचतो.

पीक ऋतूप्रमाणे बदला. ऑक्टोबर ते फेब्रुवारी लेट्यूस, कोथिंबीर. मार्चपासून बेसिल, लाल माठ, मेथीची कोवळी जुडी. लेट्यूसचं बी गरम मातीत रुजतच नाही, 27-28 अंशांच्या वर ते झोपून राहतं. ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि मग रात्रीच्या गारव्यात पेरा.

आज एकच वस्तू आणा, तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर. टेंट जिथे ठेवायचा आहे तिथे ते ठेवून आठवडाभर दुपारी तीनचे आणि पहाटे पाचचे आकडे टिपा, आणि खिडकी कुठल्या बाजूला व केवढी आहे तेही इथेच लिहा. त्यावरून पंखा कुठला आणि डक्ट किती, ते नेमकं सांगता येईल.