प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत तेव्हा

"प्रार्थनेला बसते, डोळे मिटते, पण आतून काहीच येत नाही. माझा विश्वास संपला का?" नेमाने उपासनेला जाणारी माणसं मला हे वारंवार विचारतात. त्यांतल्याच एका शिक्षिकाबाईंची ही हकीकत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने.

आधी झोप, भूक, कामातलं लक्ष यांची चौकशी केली. नैराश्य असतं तर डॉक्टरांकडे पाठवलं असतं. ते अंगावर काढू नये. तसं काही नव्हतं. घराणं जुनं प्रोटेस्टंट ख्रिस्ती. बायबलमधल्या दहा आज्ञा, विश्वासांगीकार (आपण काय मानतो हे सांगणारा ठरलेला मजकूर), स्तोत्रं लहानपणी तोंडपाठ. मोठेपणी मात्र ही पोपटपंची वाटू लागली. प्रार्थना मनातूनच यायला हवी, असं त्यांनी ठरवून टाकलं. मग मनातून येणं थांबलं आणि हाताशी काहीच उरलं नाही.

मी मार्टिन ल्यूथरचा, म्हणजे प्रोटेस्टंट परंपरा ज्याच्यापासून सुरू झाली त्या जर्मन धर्मसुधारकाचा, विषय काढला. "१५२१ मध्ये वर्म्स शहरात सम्राटासमोर आपल्या मतांवरून माघार न घेणारा माणूस तो. त्याला माझं काय कळणार?" बाई म्हणाल्या.

मी १५३५ ची गोष्ट सांगितली. विटेनबर्गचा न्हावी पेटर हा ल्यूथरचा मित्र. प्रार्थना कशी करावी, हे सांगायला ल्यूथरने त्याच्यासाठी छोटी पुस्तिका लिहिली. सुरुवातीलाच तो कबूल करतो, की इतर कामांमुळे आणि विचारांमुळे त्याचंही मन थंड पडतं, प्रार्थनेत गोडी राहत नाही. अशा वेळी तो स्तोत्रांचं पुस्तक घेऊन खोलीत जातो, नाहीतर लोक जमले असतील तर चर्चमध्ये, आणि लहान मुलासारखा दहा आज्ञा, विश्वासांगीकार शब्दशः म्हणतो. मग एकेक आज्ञा घ्यायची: यात शिकवण काय, आभार कशाचे, कबुली कशाची, मागणं काय? मध्येच मनात चांगले विचार दाटून आले, तर पाठ थांबवून तेच ऐकावेत, असंही तो सांगतो.

बाईंना तेच काम दिलं. रोज एक आज्ञा, वहीत चार ओळी. 'चोरी करू नको'पाशी त्यांची शिकवण लिहून झाली, आभार लिहून झाले, कबुलीशी पेन अडलं. सहकारी शिक्षिकेच्या मेहनतीचं श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. कित्येक महिन्यांनी खरी प्रार्थना झाली ती त्या दिवशी, असं त्या म्हणाल्या. पाठांतर म्हणून जे टाकून दिलं होतं, त्यातूनच इतकी खासगी कबुली निघाली, याचं मला आजही अप्रूप वाटतं. कोरडे दिवस त्यांना अजून येतात. तेव्हा त्या नुसता विश्वासांगीकार म्हणतात आणि कामाला लागतात.

वारसा मानायचा म्हणजे पूर्वजांचं सगळंच डोक्यावर घ्यायचं नाही. १५४३ मध्ये याच ल्यूथरने यहुद्यांविरुद्ध विखारी लिखाण केलं. ते नाकारायलाच हवं. कोणाचाही शब्द पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, कसोटीवर घासून पाहावा, हेही त्याच परंपरेने शिकवलं आहे.

आणि ज्यांच्याकडून ही पाठांतरं मारून मुटकून करून घेतली गेली, त्यांना मी ही वाट सुचवत नाही. त्यांच्याशी आधी त्या भीतीबद्दल बोलावं लागतं. आज्ञांची वही नंतर, तीही त्यांनी मागितली तरच.