सन सेन्सर, दुर्बीण आणि 'संरेखन'

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका विज्ञानशिक्षिकेने विचारलंय: अवकाशयानावरच्या सन सेन्सरचं (सूर्य कोणत्या दिशेला आहे ते सांगणाऱ्या उपकरणाचं) दुर्बिणीशी 'अलाइनमेंट' करतात, त्याला मराठीत 'संरेखन' म्हणावं का? त्यांना आदित्य-एल१ या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या भारतीय यानावर मुलांशी बोलायचं आहे.

माझं मत, म्हणू नये. संरेखन म्हणजे एका रेषेत आणणं. शिवाय सरकारी कागदांत हा शब्द रस्त्याच्या, मेट्रोच्या मार्गासाठी रुळलाय. नागपूरकराला आधी वर्धा रोडवरचे मेट्रोचे खांबच आठवतील. यानावर सेन्सर आणि दुर्बीण एका रेषेत नसतातच. दोघांनी एकाच दिशेला पाहावं, एवढंच हवं असतं. गवंडी विटांचा थर सुतात घेतो, ते संरेखन. घराच्या दोन कोपऱ्यांना तो ओळंबे सोडतो, तेव्हा दोऱ्या समांतर असतात. आपलं प्रकरण ओळंब्याचं. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर, तेव्हा दोन उपकरणांतल्या मीटरभर अंतराने दिशेत काहीच फरक पडत नाही.

यासाठी 'रोख' हा शब्द तयारच आहे. बंदुकीचा रोख, बोलण्याचा रोख, तसा दुर्बिणीचा. म्हणून 'रोख जुळवणे'. नामच हवं असेल तर 'रोखजुळणी'.

हे काम आधी जमिनीवर होतं. दोन्ही उपकरणांवर आरशासारख्या बाजूंचे छोटे काचेचे घन चिकटवतात. थिओडोलाइटमधून, म्हणजे कोन मोजणाऱ्या सर्वेक्षकांच्या दुर्बिणीतून, प्रकाश घनावर टाकायचा. थिओडोलाइटमधल्या फुलीच्या बारीक तारांचं परत आलेलं प्रतिबिंब मूळ तारांवर नेमकं बसलं, की थिओडोलाइटची नजर घनाच्या त्या बाजूला काटकोनात. दोन्ही घन असे पाहिले की दोन रोखांमधला कोन हाती येतो. (नागपूरच्या झिरो माइलजवळच्या दगडावर ज्याची 'जीटीएस' ही अक्षरं आहेत, त्या इंग्रजांच्या काळातल्या 'ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे'चं मुख्य हत्यार थिओडोलाइटच.)

पण उड्डाणाच्या हादऱ्यांनी आणि वर गेल्यावर तापमान बदलल्याने तो कोन किंचित सरकतो. मग दुर्बिणीने सूर्यबिंब टिपायचं, कडेवरून मध्य काढायचा आणि त्याच क्षणी सेन्सर सूर्य कुठे दाखवतो ते पाहायचं. निघालेला फरक स्क्रू पिळून घालवता येत नाही. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर पान्हा घेऊन जातो कोण? तो मोजून संगणकात भरतात. त्याला 'त्रुटी' म्हणू नका, 'तफावत' म्हणा. माहीत असलेली तफावत वजा करता येते.

कोनांसाठी पंचांगातले अंश-कला-विकला बिनधास्त वापरा (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा विकला). सूर्यबिंब सुमारे ३२ कला रुंद. आदित्यवरची व्हीईएलसी ही दुर्बीण सूर्यबिंब वगळून त्याभोवतीचं प्रभामंडल (कोरोना) सूर्याच्या केंद्रापासून १.०५ त्रिज्येच्या पुढे पाहते, म्हणजे बिंबाच्या कडेपासून जेमतेम ४८ विकला सोडून. रोख तेवढा ढळला, तर वगळलेल्या बिंबाचा झगझगाट चित्रात शिरेल.

राहिला 'सन सेन्सर'. 'सूर्यसंवेदक' चुकीचा नाही, पण मुलांच्या तोंडी सेन्सर आहेच, तो राहू द्या.