आधी फाँट, मग लिखाण

भाऊ, पहिले तो जुना, युनिकोड (म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षरं नीट उघडतील अशी पद्धत) नसलेला फाँट सोड. नागपुरात सीताबर्डीत मी चाळीस पानं तशीच टाईप करून घेतली होती. घरी फाईल उघडली तर नुसता कचरा. लिहायला लिबरऑफिस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, तेवढं पुरतं.

कीबोर्ड इनस्क्रिप्टच शिक, म्हणजे आपल्या लिपीसाठीची कळांची मांडणी. 'दऱ्या' लिहिताना द नंतर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ, मग पाय मोडायला D ची, मग य. शिफ्ट विसरलास की 'दर्या', म्हणजे डोंगरात समुद्र! दोन्ही शब्द खरेच, त्यामुळे स्पेलचेकवर विसंबू नको.

अर्थासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश नेटवर बघ. मात्र त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची आहे आणि आपले शुद्धलेखनाचे नियम १९६२चे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ त्यातून उचलू नको बाप्पा.