डहाणूच्या डोक्यावर कोजागिरीला काय पोचलं?

प्रश्न : बाई, मी डहाणूचा, तुमचा जुना विद्यार्थी. २०२२च्या कोजागिरीला आजवरचा सर्वांत प्रखर गॅमा किरणांचा स्फोट आपल्या डोक्यावर झाला, असा मेसेज फिरतोय. त्या रात्री आम्ही सगळे गच्चीवर होतो, कोणालाच काही दिसलं नाही. थाप आहे ना? आणि आई विचारतेय, चांदण्यात ठेवलेलं दूध आम्ही प्यायलो, त्याचं काय?

उत्तर : थाप नाही रे. फक्त ‘झाला’च्या जागी ‘पोचला’ म्हण. स्फोट झाला सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी, दुसऱ्याच दीर्घिकेत. एक अवजड तारा कोसळला आणि त्यातून निघालेला किरणांचा झोत नेमका आपल्या दिशेने होता.

तो पोचला ९ ऑक्टोबर २०२२ला, रविवारी. संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी गॅमा किरण टिपणाऱ्या ‘फर्मी’ उपग्रहाला पहिली चाहूल लागली. मी तेव्हा चारोळ्या निवडत बसले होते, म्हणजे माझ्याकडूनही निरीक्षणाची अपेक्षा ठेवू नकोस. खरा लोंढा आला आणखी साडेतीन-चार मिनिटांनी, आणि त्यात फर्मीचेच डोळे दिपले.

कसे, ते सांगते. फर्मीवर सोडियम आयोडाइडच्या १२ चकत्या आहेत, मोठ्या पुरीएवढ्या रुंद, अर्धा इंच जाड. गॅमा किरणांचा एक कण आदळला की चकतीत बारीकशी चमक होते, ती मोजायची. जितकी मोठी चमक, तितकी कणाची ऊर्जा जास्त. लग्नाच्या दारात उभं राहून पाहुणे मोजण्यासारखंच हे काम. एकेक आले तर मोजता येतात, अख्खी वरात एकदम घुसली की दोन बारकी पोरं मिळून एक धिप्पाड माणूस म्हणून वहीत चढतात. तसंच झालं. दोन चमका एकमेकींत मिसळल्या, कणांची संख्या कमी भरली आणि ऊर्जा फुगली. सर्वांत महत्त्वाच्या मिनिटांचे आकडेच बिघडले! चीनच्या एका उपग्रहावरचं ‘जीकॅम-सी’ हे उपकरण त्या वेळी योगायोगाने वेगळ्या मोडमध्ये चालू होतं, त्यामुळे ते दिपलं नाही आणि ऐन भराची मापं त्याच्याकडून मिळाली.

‘स्विफ्ट’ या दुसऱ्या उपग्रहाची गंमत निराळी. आधी पृथ्वीच आड आली. ७ वाजून ४० मिनिटांनी त्याला दिसलं ते स्फोटानंतर उरलेलं तेज, आणि तेही आकाशगंगेच्या पट्ट्यात इतकं झगझगीत, की आपल्याच आकाशगंगेतलं काहीतरी असावं असं समजून त्याला तसंच नाव दिलं गेलं. फर्मीची नोंद जुळवल्यावर चूक उमगली. तज्ज्ञ काही वेळ फसले हे वाचून मला बरंच वाटलं.

तुम्हाला दिसलं नाही, कारण गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि जमिनीपर्यंत येतही नाहीत. मागाहून उरलेला दृश्य प्रकाश दुर्बिणीतून टिपला गेला, पण नुसत्या डोळ्यांसाठी तो फारच मंद होता, त्यात वाटेत आकाशगंगेची धूळ. अवकाशातल्या एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीने या धुळीवरून विखुरलेल्या क्ष-किरणांची २० कडी टिपली.

आता आईंचा प्रश्न. आपल्या डोक्यावरची हवा वजनाने १० मीटर खोल पाण्याइतकी भरते. त्या थराने ते किरण वरच्या वर अडवले. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात मात्र खळबळ उडाली, युरोपातल्या दीर्घ लहरींच्या रेडिओ संदेशांत ती दिसली. दुधाला काही झालं नाही. आटवताना खाली लागलं असेल तर तो दोष त्यांचाच.

राहिलं ‘डोक्यावर’. स्फोटाची जागा शर तारकासमूहात, श्रवण ताऱ्याच्या उत्तरेला. स्फोटाची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, उत्तर १९.८ अंश, म्हणजे जवळजवळ डहाणूचाच अक्षांश. विषुवांश, म्हणजे आकाशातला रेखांश, १९ तास १३ मिनिटं. पहिल्या चाहुलीच्या क्षणी ग्रिनिचचा नाक्षत्र काल, म्हणजे ग्रिनिचच्या डोक्यावरचा विषुवांश, होता १४ तास ३० मिनिटं. विषुवांशातून नाक्षत्र काल वजा कर, तासांना १५ने गुण. स्फोट ज्या जागेच्या थेट डोक्यावर होता तिचा रेखांश ७१ पूर्वच्या आसपास यायला हवा, म्हणजे तुझ्या किनाऱ्यापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत समुद्रात. उत्तर पश्चिम रेखांश आलं तर वजाबाकी उलटी केलीस, शाळेतही तू हेच करायचास.