जायच्या आधीच सांग, आणि दोन्ही घरी एकाच दिवशी

तुझा प्रश्न दोनदा वाचला. सातवा आठवडा चालू आहे, नवऱ्याची जर्मनीतली, स्टुटगार्टची नोकरी पक्की झाली आहे, सहा आठवड्यांनी विमान आहे. आई-बाबा साताऱ्यात, सासू-सासरे सांगलीत. "ताई, गोड बातमी आत्ता सांगू, की तीन महिने भरल्यावर तिकडून व्हिडिओ कॉलवर? आत्ता सांगितलं तर जाऊच देणार नाहीत."

आत्ताच सांग. समोर बसून सांग.

मी असं का म्हणते ते आधी सांगते. मी सांगलीच्या गावभागातली. जर्मनीत येऊन मला वर्ष झालं होतं तेव्हा पहिल्यांदा दिवस राहिले. तीन महिने कुणाला बोलायचं नाही, हे आजीपासून ऐकलेलं, म्हणून गप्प राहिले. नवव्या आठवड्यात बाळाचे ठोके थांबले. तो २०१९ चा ऑगस्ट होता. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलेलं, आमच्या घराचा खालचा मजला पाण्यात, आई-बाबा नातेवाइकांकडे. मी रोज फोन करून त्यांची चौकशी करायचे आणि माझा आवाज का बसलाय असं आईने विचारलं की सर्दी झालीय म्हणायचे. आईला ते कळलं तीन वर्षांनी. ती रागावली नाही. "मी काय केलं असतं तिथून? पण तू एकटी रडलीस ना," एवढंच म्हणाली. ते वाक्य मला अजून सोसत नाही.

तीन महिन्यांच्या रिवाजामागे कारण आहे. बहुतेक गर्भपात पहिल्या १२ आठवड्यांतच होतात, आणि गावभर झालेली बातमी परत घेणं फार जड जातं. पण तो नियम गावासाठी, शेजारपाजाऱ्यांसाठी. आईसाठी नाही. काही वाईट झालंच तर जिच्या कुशीत शिरावंसं वाटेल, तिला आधी माहीत असायला हवं. परदेशात तर जास्तच. दुसऱ्या वेळी मी सहाव्या आठवड्यातच आईला फोन केला. ती बराच वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, "जेवलीस का?" बाबांनी फोन घेतला तो उलटा धरला होता, मला नुसता पंखा दिसत होता. त्यांना रडताना दिसायचं नव्हतं. त्या क्षणी मी त्यांच्या समोर असायला हवी होते. तुला ते जमण्यासारखं आहे, म्हणून एवढं आग्रहाने सांगते.

आता "जाऊ देणार नाहीत" याबद्दल. बातमीनंतर दुसऱ्याच मिनिटाला प्रश्न येईल, बाळंतपण कुठे? पहिलं बाळंतपण माहेरी, हे त्यांच्या मनात पक्कं असतं. तेव्हा तू "बघू" म्हणालीस की संपलं, वाद तिथेच सुरू होतो. उत्तर तयार ठेवूनच घरी जा. नवरा तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात असेल आणि तुझी कमाई नसेल, तर तू त्याच विम्यात वेगळा हप्ता न भरता येतेस, आणि बाळंतपणाचा खर्च विमा उचलतो. डॉक्टर 'मुटरपास' नावाची वही देतात, त्यात प्रत्येक तपासणी लिहिली जाते. आणि आईला सगळ्यात धीर येईल तो हेबामेच्या माहितीने. हेबामे म्हणजे शिकलेली, परवाना असलेली सुईण. बाळंतपणानंतर ती घरी येते, पहिले दहा दिवस रोजही येऊ शकते, मग गरजेप्रमाणे १२ आठवड्यांपर्यंत. बाळाचं वजन, नाळ, दूध, तुझे टाके, सगळं बघते. पैसे विमाच देतो. पण हेबामे मिळणं अवघड झालंय, म्हणून साताऱ्यात बसूनच ईमेल पाठवायला लाग. "तिकडे तुझं कोण करणार?" हा आईचा खरा प्रश्न असतो, आणि त्याला नाव-गाव असलेलं उत्तर लागतं.

एक गोष्ट विसरू नकोस. तिथे ठरलेल्या तीन सोनोग्राफींपैकी पहिली ९ ते १२ आठवड्यांत असते. तू पोचशील तेव्हा तेरावा लागलेला असेल. ती साताऱ्यातच करून घे. रिपोर्ट आणि रक्तगट, थायरॉइड, साखर यांचे कागद हातातल्या बॅगेत ठेव.

दोन्ही घरांचं म्हणशील तर एकाच दिवशी सांग. मी आईला आधी सांगितलं आणि कराडला सासूबाईंना पाच दिवसांनी. त्यांना ते एका लग्नात मावशींकडून कळलं. त्या बोलल्या काही नाहीत, पण दुखावल्या. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं तर सकाळी साताऱ्यात आई-बाबांशी बोला, आणि जेवून पेठनाक्यावरून आष्टामार्गे संध्याकाळपर्यंत सांगलीला पोचा. तिथे तुझ्या नवऱ्याने बोलू दे. आणि दोघींनाही एकेक माणूस ठरवून दे, बहीण किंवा जाऊ, जिच्याजवळ त्या मन मोकळं करतील. पूर्ण तोंड बंद ठेवायला लावलंस तर बातमी फुटतेच.

मग त्यांना कामाला लाव. आधी दोघींचे पासपोर्ट बघ. शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या कमी मुदतीच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. आमच्याकडे आई तारखेच्या दोन आठवडे आधी आली, ती परतली तेव्हा सासूबाई आल्या. मला सहा महिने हात मिळाले आणि दोघींनाही बाळ मिळालं.

आई सामानात कंदी पेढे भरेल, तर थांबव. बाहेरच्या देशांतून दूध आणि दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, तूपही त्यातच आलं. आईने डिंक, खारकेची पूड आणि सुंठ कोरडी आणली, आणि इथल्या लोण्याचं तूप कढवून लाडू वळले.

आणखी एक अवघड प्रश्न येईल, मुलगा की मुलगी? महाराष्ट्राने १९८८ मध्येच गर्भलिंग सांगण्याविरुद्ध कायदा केला, देशाचा १९९४ चा. जर्मनीत मात्र बारा आठवड्यांनंतर डॉक्टर सांगू शकतात. ते कळलं की घरून विचारणा सुरू होते, प्रेमानेच, पण होते. आम्ही डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगितलं की आम्हाला ऐकायचंच नाही. त्यामुळे घरी खोटं बोलावं लागलं नाही. तुम्ही दोघं आत्ताच ठरवा, म्हणजे फोनवर गडबडायला होणार नाही.

डोहाळजेवण सातव्या महिन्यात, तेव्हा तू तिकडे असशील. निघायच्या आधी आईला घरच्या घरी चोरओटी भरू दे, पाच बायका नकोत, आई आणि सासूबाई पुरे. माझ्या सासूबाईंनी बातमी कळल्याच्या आठवड्यात जुन्या इरकली लुगड्याची दुपटी शिवायला घेतली होती. तुझ्या सासूबाईंनाही विचार, जुनी मऊ लुगडी आहेत का म्हणून. दुपट्यांना वजन नसतं, चार तरी घेऊन ये.