‘ॲड ॲस्ट्रा’ पाहताना मला इतके रडू का आले?

वडील हयात आहेत, त्यांच्याशी कधी भांडण झालेले नाही, सोबतच्या मित्रांना तर चित्रपट कंटाळवाणा वाटला, मग आपल्यालाच रडू का आवरेना, असे तुम्ही विचारले आहे. जेम्स ग्रे यांचा हा २०१९ सालचा चित्रपट मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा माझी अवस्था तुमच्यासारखीच झाली.

माझ्या मते हे रडू दुराव्याचे नसून संयमाचे आहे. ब्रॅड पिटने साकारलेल्या अंतराळवीर रॉयच्या नाडीचे ठोके कोणत्याही संकटात ऐंशीच्या वर जात नाहीत, आणि याच गुणासाठी त्याचे कौतुक होत आलेले असते. मंगळावर त्याला नेपच्यूनजवळ हरवलेल्या वडिलांसाठी संदेश ध्वनिमुद्रित करायला बसवतात. आधी तो लिहून दिलेला मजकूर कोरडेपणाने वाचतो. मग कागद बाजूला राहतो आणि वडिलांसोबत पाहिलेले कृष्णधवल चित्रपट, त्यांनी शिकवलेले गणित, असे काहीबाही तो बोलू लागतो. आयुष्यात प्रथमच आवाज ओला झाला आणि तेवढ्यावरून त्याला त्या कामातून दूर केले जाते. नेपच्यून इतका लांब आहे की सूर्याचा प्रकाशही तिथे पोहोचायला चार तासांहून अधिक वेळ घेतो. पण या मुलाची हाक त्याहून कितीतरी वर्षे आधी निघालेली असते.

माझे वडील रात्री जुना रेडिओ उघडून बसत आणि मी टॉर्च धरून शेजारी उभा राहत असे. प्रकाश हलला की ‘नीट धर’ म्हणत. तासाभरात बोलणे एवढेच. सोल्डरिंगचा धूर त्यांच्या चष्म्यावरून वर जाताना मी पाहत राही, आणि म्हणूनच तो प्रकाश हलत असे. भांडण आमचेही नव्हते. बोलायचे मात्र पुष्कळ राहून गेले, आणि ते राहिले आहे हे मला तो ध्वनिमुद्रणाचा प्रसंग पाहीपर्यंत जाणवलेही नव्हते.

चित्रपटात शेवटी रॉयला त्याचे वडील भेटतात आणि तुझी किंवा तुझ्या आईची मला कधी पर्वा नव्हती, असे तोंडावर सांगतात. बाप विरघळेल, मुलाला जवळ घेईल, ही आपली अपेक्षा असते. रॉय मात्र शांतपणे म्हणतो की हे मला ठाऊक आहे, तरीही माझे तुमच्यावर प्रेम आहे. मला हुंदका आला तो इथे. पुढे अवकाशात दोघांना जोडणारी दोरी सोडून वडिलांना जाऊ देण्याची वेळही त्या मुलावरच येते.

तुमच्या मित्रांना मी दोष देणार नाही. निवेदन जरा जास्तच आहे, पिटचे डोळे जे सांगतात तेच ते पुन्हा सांगते, आणि विज्ञानाच्या बाबतीतही चित्रपटाने बरीच सूट घेतली आहे. ज्याला ती शांतता घरातून ओळखीची नाही, त्याला हा चित्रपट संथ वाटणारच.

माझे वडील आता नाहीत, तुमचे आहेत. त्यांना हा चित्रपट दाखवून त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटते का ते पाहत बसू नका. त्यांच्या आवडीचा एखादा जुना चित्रपट लावा आणि शेजारी बसून शेवटपर्यंत पाहा. रॉयलाही इतक्या वर्षांनी तेच तर आठवले होते.