मेव्हणे अमेरिकन आर्मीतून निवृत्त झालेत. मधुमेहासाठी २०% अपंगत्व मिळालंय, आता पाय बधिर होताहेत. त्याचे टक्के वेगळे मिळतात का?

मिळतात, आणि दोन्ही पायांचे वेगवेगळे. मी ग्रीन कार्डावर तिथल्या आर्मीत भरती झालो, नोकरीतच शुगर निघाली, त्यामुळे ही वाट चाललोय. बधिर पायांनीच.

व्हीएच्या (तिथलं माजी सैनिकांचं सरकारी खातं) हिशेबात ते २० टक्के गोळ्या किंवा इन्सुलिन आणि पथ्याचे. नसांचं दुखणं मधुमेहातून आलेलं असलं तरी त्याचं मोजमाप वेगळं. पायांना बहुधा सायटिक नसेचा (कमरेतून पायात उतरणारी मोठी नस) तक्ता लावतात: सौम्य १०, मध्यम २०, त्यापुढे ४०, स्नायू चांगलेच आटले असतील तर ६०. नुसत्या मुंग्या आणि बधिरपणा असेल तर गाडी मध्यमच्या पुढे सरकत नाही. चाळिसाची स्वप्नं दाखवणारे भेटतील, दुर्लक्ष करा.

खरी गोची तपासणीत होते. डॉक्टर म्हणाले, डोळे मिटा, तळव्याला लागलं की सांगा. मी आपला वाट बघतोय. डोळे उघडले तर नायलॉनचा तो बारीक तंतू अंगठा सोडून तिसऱ्या बोटावर टेकलेला! मग त्यांनी विचारलं, रोजचं कसं चाललंय? मी सवयीनं म्हणालो, "ठीक आहे." निकालात सौम्य, १०-१०. घरात चालताना चप्पल पायातून निसटते आणि बायकोनं सांगेपर्यंत मला पत्ता नसतो, हे तिथे सांगायचं राहूनच गेलं. मेव्हण्यांना असलंच सगळं आधी कागदावर लिहून न्यायला सांगा.

मी निकालानंतर वर्षाच्या आत पायाच्या डॉक्टरांच्या नोंदी आणि बायकोचं लेखी निवेदन जोडून सप्लिमेंटल क्लेम, म्हणजे नव्या पुराव्यासह फेरअर्ज, टाकला. २०-२० झाले, तारीखही मूळ अर्जाचीच धरली.

बेरीज मात्र अजब. दोन पायांचे २०-२० मिळून ३६ (दुसरे २० टक्के उरलेल्या ८० मधून), दोन्ही बाजूंना आहे म्हणून त्यावर आणखी दहावा हिस्सा, झाले ३९.६, म्हणजे ४०. उरलेल्या ६० मधून मधुमेहाचे २० टक्के, म्हणजे १२. एकूण ५२, आणि जवळच्या दहावर आणून हातात पडतात ५०. आमच्या गणिताच्या मास्तरांनी कान पिळला असता.

अर्ज भरायला कुणाला पैसे देऊ नका, डीएव्ही किंवा व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी फुकट भरून देतात. कागद जमेपर्यंत थांबूही नका. आधी 'इंटेंट टू फाइल', म्हणजे अर्ज करणार असल्याची नोंद, टाकून ठेवा, ती तारीख वर्षभर राखीव राहते.